प्राचार्य आणि टीपीओ सरांना खुलं पत्र: पॅकेजचं बॅनर लावायच्या आधी पोरांना सॅलरी स्लिप वाचायला शिकवा

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआय, बीकॉम, बीएस्सी अशा सगळ्या कॉलेजांचे प्राचार्य आणि ट्रेनिंग-प्लेसमेंट बघणारे सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कंपनीत पेरोलचं काम बघतो, म्हणजे पगार काढतो. दरवर्षी जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे फ्रेशर्सची गर्दी असते, लातूर, परभणी, बुलढाणा, धुळे, सोलापूर, कुठून कुठून पोरं-पोरी येतात, कामाला चांगली असतात, मशीन समजते, कोडिंग येतं, पण पहिला पगार खात्यात पडला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "सर पॅकेज तर तीन साठ सांगितलं होतं, मग एवढेच कसे आले?"

हा प्रश्न त्यांना माझ्या टेबलाशी पडायला नको, तो तुमच्या कॉलेजात, ऑफर लेटर हातात पडलं त्याच दिवशी सुटायला हवा. म्हणून हे पत्र.

आधी आकडाच मांडतो, कारण आकड्याशिवाय यावर बोलण्यात अर्थ नाही. 3 लाख 60 हजार सीटीसी (कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा एकूण खर्च) म्हणजे भागिले बारा, महिन्याला 30 हजार, असा हिशोब पोरगा करतो आणि घरीही तोच सांगतो. आता त्या 30 हजारात बेसिक 15 हजार धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1800, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे साधारण 720 रुपये, तीही सीटीसीत, आणि कायम नोकरीत ती साधारण 5 वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. ग्रुप मेडिक्लेमचे 500 धरा. व्हेरिएबल पे 10 टक्के असेल तर 3 हजार, तो वर्षाच्या शेवटी, तोही परफॉर्मन्स बघून. झाले 24 हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ 1800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300, आणि मुलींना महिना 25 हजारापर्यंत माफ आहे 2023 पासून) कापला की हातात येतात 22 हजार. यात कुणी फसवलेलं नाही, सगळं कागदावर लिहिलेलं असतं, ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर ॲनेक्श्चर म्हणून. पण ते पान वाचायचं असतं हे पोराला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि कॉलेजच्या गेटवरच्या बॅनरवर फोटोखाली मोठ्या अक्षरात फक्त 3.60 लिहिलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, 8 हजाराचा फरक आहे, एक महिना कळेल, मग सवय होईल. सर, तसं होत नाही. मी बघतो ते असं की पोराने घरी 30 सांगितलेत, वडिलांनी पाहुण्यांना 30 सांगितलेत, त्याच हिशोबाने ठरलंय की महिन्याला 10 हजार घरी पाठवायचे, बहिणीची फी आहे, सोसायटीचं पीककर्ज आहे, आजीची औषधं आहेत. हातात 22 आल्यावर "बाबा, एवढेच येतात" हे सांगायची त्याला लाज वाटते. मग तो 10 हजार पाठवतोच. आणि जे कमी पडतात ते कधी मित्राकडून उसने, कधी क्रेडिट कार्डावर, कधी फोनमधल्या लोन ॲपवर. पोरं उधळी असतात म्हणून कर्जात जातात असं लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, मी ज्यांना अडकलेलं बघितलंय त्यातली बरीच पोरं घरचा शब्द पाळायला गेलेली होती.

पहिला पगार यायच्या आधीचा काळ तर आणखी अवघड असतो आणि त्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. बऱ्याच कंपन्यांत हजेरी 20 किंवा 25 तारखेला बंद करून पगार काढायला घेतात. हजेरी 20 ला बंद होत असेल आणि पोरगा 22 जुलैला जॉइन झाला तर जुलैच्या पगारात त्याचं नाव बसत नाही, ते दिवस ऑगस्टच्या पगारात धरतात, म्हणजे हातात पैसे ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोपर्यंत चाळीस-पंचेचाळीस दिवस काढायचे कशावर? आणि नेमका तेव्हाच सगळ्यात मोठा खर्च असतो. वाकडला किंवा मोशीला तिघांनी मिळून 18 हजाराचा वन बीएचके घेतला असं धरा, तीन महिन्यांचं डिपॉझिट 54 हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं 18 हजार, पहिलं भाडं 18 हजार, माणशी झाले 30 हजार. वर गादी, बादली, मेसचे ॲडव्हान्स, येण्याजाण्याचा खर्च. कमवायला सुरुवात होण्याआधी 35-40 हजार लागतात आणि ते घरात असतीलच असं नाही. इथे पहिलं कर्ज होतं, पगाराच्या आधी.

म्हणून माझी पहिली विनंती ही की कॅम्पसला कंपनी आली की पॅकेजबरोबर दोन गोष्टी लेखी मागा, हातात महिन्याला साधारण किती येतील, आणि या तारखेला जॉइन झाला तर पहिला पगार कोणत्या तारखेला होईल. एचआरला हे सांगायला पाच मिनिटं लागतात, मी स्वतः कितीतरी वेळा असा मेल टाईप केलाय. विद्यार्थी विचारायला घाबरतो, त्याला वाटतं पैशाचं विचारलं तर ऑफर जाईल. तुम्ही कॉलेज म्हणून विचारलंत तर कुणाचीच ऑफर जात नाही.

आणि पोरांना सांगा की पहिले दोन महिने फ्लॅटच्या भानगडीत पडूच नका. कॉट बेसिसवर राहा, पीजीमध्ये राहा, जिथे डिपॉझिट साधारण महिन्याभराचंच असतं, आणि नोकरी टिकतेय का, शिफ्ट कुठली लागतेय, ऑफिस हिंजवडीला का चाकणला हे कळल्यावर मग घर बघा. फ्लॅट घेतलाच तर भाडेकरार रजिस्टर झालाच पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असणं बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, हे पोरांना माहीतच नसतं, आणि एजंट "नोटरी केली तरी चालतं" म्हणतो आणि हे मान डोलावतात. करारात लॉक-इन किती महिने, नोटीस किती, सोडताना रंगाचे पैसे कापणार का, एवढं तरी वाचायचं. राहायला गेल्या दिवशी भिंती, नळ, दारं, गीझर सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करायचा. डिपॉझिटवरून भांडण होतं तेव्हा तोच उपयोगी पडतो.

आता पीएफ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण रोजचं माझं काम हेच आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही यावरच आहेत. पोरगा पासबुक उघडतो, त्यात त्याचे 1800 दिसतात आणि कंपनीचे 550 च दिसतात, मग त्याला वाटतं कंपनीने बाकीचे खाल्ले. तसं नसतं, कंपनीच्या 12 टक्क्यांमधले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, 15 हजार पगारावर ते 1250 होतात, उरलेले 550 पीएफमध्ये. दुसरं, नोकरी बदलली की आधी पीएफ काढून बाईक घ्यायची असा एक रिवाजच पडलाय. अरे बाबांनो, यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, एकच राहतो, जुन्या कंपनीतलं खातं नवीनमध्ये ट्रान्सफर होतं, पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढला तर तो टॅक्समध्ये धरला जातो आणि 50 हजार किंवा जास्त असेल तर टीडीएसही कापतात. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज दिलंय, बँकेच्या साध्या सेव्हिंग खात्यावर याच्या जवळपासही मिळत नाही. बाविसाव्या वर्षी सुरू झालेला पीएफ ज्याने हात न लावता ठेवला त्याला पस्तिशीत घराच्या डाउन पेमेंटला केवढा आधार होतो हे मी सीनियर लोकांमध्ये बघतो, आणि ज्यांनी दर नोकरीला काढला त्यांचं खातं दर वेळी पहिल्यापासून.

यात कॉलेजच्या हातातली एक गोष्ट आहे, ऐकायला छोटी आहे पण तिच्यामुळे लोकांचे पीएफ क्लेम वर्षानुवर्षं अडकलेत. नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी आईचंही. आधारवर नाव आधी. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बँकेत तिसरंच स्पेलिंग. जन्मतारखेतही एखाद्या दिवसाचा फरक. नोकरी लागल्यावर हे दुरुस्त करायला सुट्टी मिळत नाही, कागदपत्रं गावाकडे, पोरगा पुण्यात. तुमच्याकडे शेवटच्या वर्षाला तो रोज येतोय तेव्हाच आधार, पॅन आणि बँक पासबुकावरचं नाव, जन्मतारीख एक करून घ्यायला लावा, आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का बघा, प्लेसमेंटच्या फॉर्मबरोबर ही तपासणी ठेवा. ऑफिसमधले क्लार्क दादा एका आठवड्यात अख्खी बॅच तपासतील.

ज्यांचा पगार 21 हजारापर्यंत आहे, म्हणजे आयटीआय-डिप्लोमावाली बरीच पोरं, त्यांचा ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जातो, 0.75 टक्के. त्यांना तो फुकट गेलेला पैसा वाटतो. कंपनी त्यात 3.25 टक्के घालते आणि त्यावर त्याच्याबरोबर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळू शकतात, पण घरच्यांची नावं घातलेली असली पाहिजेत आणि ई-पहचान कार्ड काढलेलं पाहिजे. हे सांगितलं की पोरांचा चेहरा बदलतो.

क्रेडिट कार्डाचं सांगतो. सॅलरी अकाउंट उघडायला आलेला बँकेचा माणूस कार्डही देऊन जातो, लाईफटाईम फ्री म्हणून. कार्ड वाईट नाही, पूर्ण बिल तारखेच्या आत भरणाऱ्याला ते चांगलं आहे. पण बिलावर "मिनिमम ड्यू" म्हणून जो लहान आकडा असतो तो भरला की काम झालं असं यांना वाटतं. 20 हजार बिल असेल, 5 टक्क्यांप्रमाणे 1000 भरले, राहिले 19 हजार, त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 665, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले जवळपास 785. म्हणजे पुढच्या महिन्यात परत 1000 भरले तर मुद्दलातून 215 च्या आसपास गेले. आणि बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू, बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. हा हिशोब एकदा फळ्यावर करून दाखवा, पंधरा मिनिटांचं काम आहे, आयुष्यभर लक्षात राहतो.

लोन ॲपचं तर मला खरंच भय वाटतं. फोनवर दोन मिनिटात पाच-दहा हजार मिळतात, आणि बेकायदा ॲप असेल तर कॉन्टॅक्ट लिस्ट आणि गॅलरीची परवानगी आधीच घेतलेली असते, हप्ता चुकला की मामाला, मॅनेजरला, गावातल्या मित्रांना फोन सुरू होतात, फोटो एडिट करून पाठवतात. पोरं घाबरून एकाचं फेडायला दुसरं ॲप घेतात. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच नियम केलेत, कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदवलेली वित्त कंपनी) कोण हे स्पष्ट दिसलं पाहिजे, पैसे थेट त्यांच्याकडून तुमच्या खात्यात आले पाहिजेत, सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर आधी लिहून दिला पाहिजे, आणि ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट बघायचा अधिकार नाही. यातलं एक जरी बसत नसेल तर ते ॲप काढून टाकायचं. आणि कुणी अडकलाच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, सायबर पोलिसांत तक्रार, आणि त्याआधी घरी सांगणं. शेवटचं सगळ्यात अवघड असतं, म्हणून तुमच्या एखाद्या जवळच्या सरांनी "असं झालं तर मला फोन कर, मी रागावणार नाही" एवढं वर्गात म्हटलं तरी एखादं पोरगं वाचेल, मी हे मनापासून लिहितोय.

एज्युकेशन लोनवाल्यांना वेगळं बसवा. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं बँक पत्र पाठवेल तेव्हा बघू. या लोनला वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर वडिलांचाही सिबिल स्कोर पडतो आणि मग ते ट्रॅक्टरसाठी किंवा घरासाठी बँकेत गेले की तिथे कळतं. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट बघता येतो, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्येच दाखवा ना.

विमा. पहिला पगार झाला की ओळखीतले एक काका येतातच, महिना दोन-तीन हजाराची, वीस वर्षांची पॉलिसी, बचतही आणि विमाही. पोराला नाही म्हणता येत नाही कारण काका वडिलांचे मित्र. पोरांना एवढं सांगा की घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर साधा टर्म विमा घ्या, त्यात पैसे परत मिळत नाहीत पण तोच खरा विमा, आणि बचत वेगळी करा. बँकेतूनच 20 रुपये वर्षाला अपघात विमा आणि 436 रुपयांत जीवन ज्योती विमा, दोन्ही 2 लाखांचे, पहिल्या महिन्यात घेऊन टाका. आणि काकांची पॉलिसी भिडेपोटी घेतलीच असेल तर कागद मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत परत करता येते.

शेअर मार्केटवर पोरांना गप्प बसवू नका, ते युट्यूबवर बघणारच, टेलिग्रामवर टिप्स घेणारच. फक्त शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीचा 2024 चा अभ्यास त्यांच्यासमोर ठेवा, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (भावाच्या चढउतारावरचे सौदे) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात होते आणि सरासरी तोटा माणशी 2 लाखांच्या आसपास. 22 हजार पगाराच्या पोराचे ते नऊ महिने झाले. ज्याला गुंतवायचंय त्याने आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, आरडी लावून का होईना, 2 हजाराने सुरुवात करून, आणि मग इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम. आधी तो खर्च बाजूला का, तर फ्रेशरची नोकरी प्रोबेशनमध्ये जाऊ शकते, आणि पगार येणं थांबलं की सॅलरी अकाउंट काही महिन्यांनी साधं खातं होतं आणि मिनिमम बॅलन्सचे चार्जेस लागू शकतात, नेमके हातात काही नसताना.

हे शिकवणार कोण, असं तुम्ही विचाराल. इथे माझं म्हणणं ठाम आहे. ज्याला त्या दिवशी काही विकायचंय त्याला हॉल देऊ नका. मी अशा "फायनान्शियल लिटरसी सेशन"बद्दल पोरांकडून ऐकलंय की शेवटी सगळ्यांनी डिमॅट अकाउंट उघडूनच बाहेर पडायचं होतं. तुमच्याच ऑफिसमधल्या अकाउंट्सच्या मॅडम पगार काढतात, त्यांना स्लिपमधलं सगळं माहीत असतं, त्यांना बोलवा. दोन वर्षांपूर्वी पास झालेली तीन पोरं बोलवा, एक पुण्यात एकटा राहणारा, एक घरी पैसे पाठवणारा, एक मुलगी जी पीजीत राहते, कारण तिचा खर्च वेगळा असतो, सेकंड शिफ्ट संपल्यावर तिला बसच्या स्टॉपवर उभं राहता येत नाही, कॅबच करावी लागते, आणि हे कुठल्याच बजेटच्या तक्त्यात नसतं. नॅशनल सेंटर फॉर फायनान्शियल एज्युकेशन म्हणून संस्था आहे, रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि पेन्शन नियामक या चौघांनी मिळून चालवलेली, त्यांचा कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम आहे, त्यांना पत्र टाका.

पालकांनाही बोलवा, निदान एक कागद घरी पाठवा. मराठीत, साध्या शब्दांत, की तुमच्या मुलाच्या हातात महिन्याला इतके येतील, पहिला पगार या तारखेला होईल, राहणं, खाणं, प्रवास धरून 13-14 हजार जातील, तीन महिने तरी त्याच्याकडून घरी पैशाची अपेक्षा ठेवू नका. ज्या घरात खरंच पहिल्या महिन्यापासून गरज आहे तिथे पोरगं पाठवणारच, आणि पाठवावं, त्यात काही चूक नाही, पण मग तो आकडा 22 मधून ठरलेला असावा, 30 मधून नाही. हे पोराने सांगण्यापेक्षा कॉलेजच्या लेटरहेडवर आलं तर वडील ऐकतात.

आणि शेवटची विनंती माजी विद्यार्थी संघाकडे न्या. दर वर्षी गेट-टुगेदर होतं, देणग्या येतात, त्यातून एक छोटा फंड ठेवा, ज्याच्या घरून डिपॉझिटचे पैसे येऊ शकत नाहीत अशा पोराला 15-20 हजार बिनव्याजी द्यायचे, चौथ्या महिन्यापासून दोन-दोन हजाराने परत घ्यायचे, तेच पैसे पुढच्या बॅचला फिरतील. पहिल्या चाळीस दिवसांची सोय झाली तर लोन ॲपकडे जायची वेळच येत नाही.

तुमच्या आजूबाजूच्या एमआयडीसीत माझ्यासारखी पगार काढणारी माणसं प्रत्येक कंपनीत आहेत, शनिवारी दोन तास बोलावलंत तर बहुतेक येतील, मानधन नको. मी तर येणारच. फक्त सेशन जॉइनिंगच्या आधी ठेवा, मे महिन्यात परीक्षा संपायच्या आत, आणि पोरांना आपापलं ऑफर लेटर शेवटच्या पानासकट प्रिंट काढून आणायला सांगा.

आपला,
पिंपरी-चिंचवडमधल्या एका कंपनीत पेरोल बघणारा